नाव घालण्यापूर्वी

झाशीच्या जुन्या शहराभोवती तट होता आणि तटाला दरवाजे होते. तट जागोजाग विरून गेला; दरवाज्यांची नावे मात्र वस्त्यांना चिकटून राहिली. खंडेराव गेट, दतिया गेट, ओरछा गेट, सागर गेट, आणि तसेच लक्ष्मी गेट. तिथला माणूस ‘लक्ष्मी गेटावर राहतो’ असे सांगतो तेव्हा त्याच्या मनात कमान कमी आणि मोहल्लाच अधिक असतो. या दरवाज्याबाहेर पडले की लक्ष्मी ताल लागतो. तळ्याच्या परिसरात नेवाळकरांची कुलस्वामिनी महालक्ष्मी आहे, आणि २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तलेल्या गंगाधररावांची छत्रीही आहे. मराठी माणसाला हा टापू परका वाटत नाही. कोकणातून निघालेल्या एका घराण्याने बुंदेलखंडात राज्य केले, त्याच्यामागोमाग उपाध्ये, कारकून, वैद्य, शिलेदार आले, आणि राज्य गेल्यावरही त्यांतली काही घरे तिथेच राहिली. घरात मराठी आणि दाराबाहेर बुंदेली अशी दोन भाषांची वहिवाट त्यांच्या अंगवळणी पडली.

अशाच एखाद्या घरातला पंचेचाळिशीचा गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. वैद्यकीय तपासणीत त्याच्या रक्तातली साखर थोडी वर सरकलेली आढळली आहे. डॉक्टरांनी औषधाआधी तीन महिन्यांची मुदत दिली आहे आणि ‘व्यायाम सुरू करा’ एवढेच सांगितले आहे. सांगणे सोपे असते. घरी आल्यावर एका वाक्यातून दहा प्रश्न निघतात. व्यायाम कुठे करायचा? बालपणी लांबून पाहिलेल्या आखाड्यात या वयात जायचे, की रस्त्यावरच्या दुमजली इमारतीत नव्याने निघालेल्या, काचांनी आणि आरशांनी झगमगणाऱ्या जिममध्ये नाव घालायचे? वर्षाचे पैसे एकदम भरावेत की महिन्याचे? वृद्ध आई म्हणते, “अरे, आपल्याकडे तालमीत जायचे ते लंगोट घेऊन; पाकीट घेऊन नव्हे.” सोळा वर्षांची मुलगी म्हणते, “बाबा, तुम्ही जाणार असाल तर मीही येणार.” प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. एखादी वस्तू विकत घेण्यासारखा तो भासतो. परंतु शरीर हे विकत घेऊन बदलता येत नाही, आणि दिलेली तीन महिन्यांची मुदतही परत मिळत नाही. म्हणून या निवडीत जितके दिसते त्याहून बरेच काही पणाला लागलेले असते.

झाशीत व्यायामाचा विषय निघाला की राणी लक्ष्मीबाईंचे नाव आल्यावाचून राहत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेत निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ च्या वेढ्यात ते झाशीतच होते. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. त्यात बाईंच्या दिनचर्येचे वर्णन आहे. पहाटेचा व्यायाम, मल्लखांब, घोड्यावरची रपेट ही त्यातली नित्याची अंगे. भटजींनी ते कौतुकाने लिहिले आहे, पण अचंबा म्हणून लिहिलेले नाही. स्नान, पूजा, दरबार यांच्या रांगेत व्यायाम बसला आहे. विशेष दिवशी करायची गोष्ट म्हणून तो वेगळा काढलेला नाही. नव्याने व्यायामाकडे वळणाऱ्याला या वर्णनातून घेण्यासारखे काही असेल तर ते हेच. मल्लखांबावरच्या उड्या राणीच्या वाट्याच्या होत्या. व्यायामाला दिवसात एक पक्की जागा देणे मात्र कोणाच्याही वाट्याला येऊ शकते.

हा मल्लखांब बिठूरमार्गे झाशीत आला असे परंपरा मानते. खांबावर करायच्या व्यायामाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात सापडतो. पण आज ज्या रूपात तो परिचित आहे ते रूप देण्याचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांकडे जाते. त्यांची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक व्यायामशाळेत सांगितली जाते. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिले. तरुण बाळंभटाने ते स्वीकारले, मात्र तयारीसाठी मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगीवर जाऊन उपासना केली. तिथे त्याला लाकडी खांबावरच्या पकडींची आणि डावांची दृष्टी लाभली, आणि परत येऊन त्याने कुस्ती जिंकली. देवीच्या प्रसादाचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडला तरी कथेतला एक धागा व्यवहाराचा आहे. प्रतिस्पर्धी कोण आहे हे पाहून त्याने साधन शोधले. अंगाला विळखा घालणे, पकड सुटू न देणे, निसरड्या अंगावर टिकून राहणे या त्याच्या गरजा होत्या, आणि एरंडेल चोळलेला खांब त्या गरजांतून उभा राहिला. गरज आधी आणि साधन नंतर. व्यायामशाळा शोधायला निघालेला माणूस बहुधा या क्रमाच्या उलट चालतो. तो आधी यंत्रे पाहतो, त्यांची संख्या मोजतो, आणि आपल्याला नेमके काय हवे आहे हा प्रश्न पैसे भरून झाल्यावर विचारतो.

त्या गृहस्थाची गरज तशी साधी आहे. त्याला आखाडा जिंकायचा नाही. चाळिशीनंतर जडावलेले शरीर सावरायचे आहे, साखर आटोक्यात ठेवायची आहे, म्हातारपणी खुर्चीतून उठताना कोणाचा हात धरावा लागू नये एवढे बळ मांड्यांत राखायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम सांगितले आहेत. दिवसाच्या हिशेबाने ही पाऊण तासाहून कमीच वेळाची गोष्ट आहे. यातली पहिली अर्धी मागणी लक्ष्मी तालाच्या बाजूने रोज सकाळी झपझप चालण्यानेही पुरी होते, आणि त्यासाठी कुठे नाव घालावे लागत नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत तेव्हा त्यांच्या आग्रहाच्या मुळाशी हाच विचार होता: राजालाही आणि रयतेलाही सतरंजीएवढी जागा पुरावी. म्हणून नाव घालण्यापूर्वीची पहिली पायरी घरातच आहे. महिनाभर रोज ठरल्या वेळी उठून चालता आले, बारा नमस्कार घालता आले, तर व्यायामशाळेत घातलेले पैसे सार्थकी लागण्याची शक्यता आहे. घरच्या सतरंजीवर जो चार दिवस टिकत नाही त्याला काचेच्या दाराआड टिकण्याची शक्ती कुठून मिळणार?

तरीही व्यायामशाळा हवीच असते. एकट्याने केलेला व्यायाम एकट्यानेच सोडता येतो, हे त्याचे मोठे कारण. दुसरे कारण म्हणजे बळाचे व्यायाम शिकावे लागतात. वजन कसे उचलावे, पाठ कुठे ताठ ठेवावी, श्वास केव्हा सोडावा हे कोणीतरी समोर उभे राहून दाखवावे लागते. इथे जुन्या तालमीची आठवण ठेवणे उपयोगी आहे, आणि ती आठवण निखळ गोड नाही हेही लक्षात ठेवले पाहिजे.

तालमीची मुख्य गोष्ट म्हणजे तिची माती. कोल्हापूरच्या तालमींत या मातीच्या जागेला हौदा म्हणतात. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवायची, रोज खणून मऊ करायची. एक दिवस खणली नाही तर ती आवळते, आठ दिवस खणली नाही तर तिच्यावर पडणाऱ्याचे अंग सोलवटते. नव्याने आलेल्या पोराला पहिले काम मिळते ते कुदळीचे. जोर-बैठकांच्या आधी माती खणणे हा त्याचा व्यायाम आणि तीच त्याची वर्गणी. वस्ताद महिनाभर त्याच्याकडे पाहतो की नाही कोण जाणे, पण पोरगा वेळेवर येतो का, थकल्यावर कुदळ टाकतो का, मोठ्यांना वाट देतो का, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. तालमीत निवड होत असे, पण ती तालीम करीत असे. गिऱ्हाईक हा शब्दच तिथे नव्हता. तालीम ही जशी वस्तादाची तशी गल्लीची असे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लविद्येला आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. पण त्या मैदानात उतरणारे मल्ल घडले ते पेठापेठांतल्या अंधाऱ्या, कमी उंचीच्या, मारुतीच्या तसबिरीसमोर दिवा तेवणाऱ्या तालमींत.

या व्यवस्थेचे दोष सांगितल्यावाचून तिचे गुण सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. वस्तादाला एकच रीत ठाऊक असे आणि ती सर्वांना सारखीच लागू होई. कोवळ्या गुडघ्यांना हजार बैठकांचा मार सोसत नाही हे कळेपर्यंत गुडघे निकामी झालेले असत. दुखण्याची वाच्यता करणे म्हणजे कमकुवतपणा. कोणत्या जातीच्या पोराला हौद्यात उतरू द्यायचे याचे अलिखित नियम पुष्कळ ठिकाणी होते. आणि स्त्रीला तर उंबरठ्याच्या आत यायचीच बंदी. ज्या शहराच्या वेढ्यात बायका तोफखान्यावर राबताना शत्रूच्या लोकांनी पाहिल्या आणि लिहून ठेवल्या, त्या शहरातही आखाडा पुरुषांचाच राहिला. राणीला मल्लखांब मिळाला, कारण ती वाड्यात वाढली. गल्लीतल्या मुलीला तो मिळायला आणखी एक शतक जावे लागले.

या दोषांची जाणीव ज्यांना झाली त्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तालमीतून व्यायामशाळा घडवली. बडोद्यात जुम्मादादांचा आखाडा एकोणिसाव्या शतकातच नावारूपाला आला होता. जुम्मादादा मुसलमान, त्यांच्या विद्येचे वारस माणिकराव हिंदू; गुरू निवडताना धर्म विचारला गेला नाही आणि गुरूनेही शिष्य निवडताना तो विचारला नाही. माणिकराव हाडे बसवण्याच्या विद्येतही निष्णात होते. शरीराला ताण देणाऱ्याला ते मोडल्यावर सांधताही यावे, ही अपेक्षा त्या परंपरेत मुरलेली होती. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाड्याची मुहूर्तमेढ रोवली आणि त्यातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. पुण्यात १९२४ साली शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापले. दादरला १९२५ साली समर्थ व्यायाम मंदिर सुरू झाले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड बडोद्यात संपादित केले. वस्तादाच्या मनगटात असलेली विद्या कागदावर आली, तिला पाठ्यक्रम मिळाला, परीक्षा मिळाली. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके केली. त्याच शहरात, त्याच ऑगस्टमध्ये, झाशीत वाढलेल्या ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली भारताच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले. दोन्ही पथकांच्या मागे उभी होती ती साधी मैदाने, अल्प वर्गणी आणि रोज हजर राहणारी माणसे.

पाश्चात्त्य पद्धतीची शरीरसाधना आपल्याकडे आली ती काही काल-परवा नव्हे. यूजेन सँडो १९०४-०५ च्या दौऱ्यात हिंदुस्थानात येऊन गेला आणि त्याचे नाव आपल्या बिनबाह्यांच्या बनियनला कायमचे चिकटून राहिले. डंबेल्स, बार, आरसा ही त्याच्या परंपरेची साधने. त्यांत वाईट काही नाही. ठरावीक वजन ठरावीक वेळा उचलण्याची सोय असल्याने पंचेचाळिशीच्या माणसाला ती मुद्गलापेक्षा अधिक सोयीची ठरतात. वजन अर्ध्या किलोने वाढवता येते, मोजता येते, वहीत टिपता येते. आरशालाही उगाच नावे ठेवू नयेत. पाठ वाकली की ताठ हे दाखवणारा तो मुका शिक्षक आहे. बदलले ते साधन नव्हे, नाते बदलले. आताच्या जिममध्ये निवड करणारा पैसे भरणारा असतो, आणि निवड झाली की जिमचे काम जवळजवळ संपलेले असते.

हे विधान कडू वाटेल. पण त्याला आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेतल्या तीन व्यायामसंस्थांच्या सुमारे ७,७०० सभासदांच्या नोंदी तपासून स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरांहून अधिक ठोक शुल्क भरणारे सभासद सरासरीने महिन्यातून जेमतेम ४.३ वेळा येत होते. म्हणजे दर खेपेस त्यांना १७ डॉलरांहून अधिक पडत होते. दहा खेपांचे तिकीट घेतले असते तर तीच खेप १० डॉलरांत झाली असती. या माणसांना हिशेब येत नव्हता असे नाही. सही करताना त्यांनी आपल्या भविष्यातल्या उत्साहाचा अंदाज वाजवीपेक्षा जास्त धरला होता. झाशीतल्या गृहस्थाने हाच हिशेब रुपयांत मांडून पाहावा. वर्षाचे १२,००० रुपये भरले आणि आठवड्यातून पाच दिवस गेला तर एका खेपेला ४६ रुपये पडतात. आठवड्यातून एकदाच गेला तर तीच खेप २३० रुपयांची होते. ज्या जागेत पन्नास माणसेही एका वेळी मावत नाहीत तिथे पाचशेंची नावे नोंदवता येतात, ती बहुतेक जण येणार नाहीत या भरवशावर. हौद्याची माती माणसे आली नाहीत तर आवळते. जिमचा गल्ला माणसे आली नाहीत तरी भरलेला राहतो. दोन व्यवस्थांतला खरा फरक इथे आहे, आणि तो आरशात दिसत नाही.

एवढे ध्यानात घेतले की जागा पाहायला जाताना काय पाहायचे हे आपोआप सुचत जाते. जिथे जायचे ती जागा घरापासून किंवा कामाच्या ठिकाणापासून चालत दहा-पंधरा मिनिटांत असावी. गावाच्या दुसऱ्या टोकाची उत्तम जिम ही पावसाळ्यातल्या पहिल्याच सरीत हरते. पाहायला जावे ते आपण रोज ज्या वेळी जाणार त्याच वेळी. दुपारी तीन वाजता रिकामी, नेटकी, वारेदार दिसलेली जागा संध्याकाळी सात वाजता घामट गर्दीची निघते आणि प्रत्येक यंत्रापुढे तिघे उभे असतात. बुंदेलखंडातल्या मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा खिडक्या कुठे आहेत, वीज गेल्यावर पंखे चालतात का, पिण्याचे पाणी कुठले, हे प्रश्न नवाबी नव्हेत. तळघरात बंदिस्त केलेली खोली तिथे हिवाळ्यात चालून जाईल. ज्येष्ठात ती जिवावर बेतू शकते. यंत्रांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांचे दोर, कप्प्या, बाकांचे टाके पाहावेत. जमिनीवर पडलेली वजने जागच्या जागी कोण ठेवतो हेही पाहावे, कारण ज्या जागेत सभासद स्वतः वजने उचलून ठेवतात तिथे कुदळीची शिस्त थोडी तरी उरलेली असते.

सर्वांत बारकाईने पाहायचा तो शिक्षक. त्याच्या दंडाच्या घेरापेक्षा त्याचा पहिला प्रश्न महत्त्वाचा. ‘तीन महिन्यांचे भरता की वर्षाचे’ असे जो आरंभी विचारतो त्याने आपले काम काय आहे ते सांगून टाकले. वय काय, रक्तदाब, साखर, पूर्वीची एखादी दुखापत, छातीत कधी कळ आली होती का, कोणती औषधे चालू आहेत, असे जो विचारतो आणि डॉक्टरांची चिठ्ठी पाहू मागतो, त्याच्यात माणिकरावांच्या परंपरेचा अंश आहे असे समजावे. महिन्यात दहा किलो उतरवून देण्याची हमी देणारा, आणि पहिल्याच आठवड्यात प्रथिनांच्या भुकटीचा डबा पुढे करणारा, हे एकाच जातकुळीचे. जुन्या पैलवानालाही खुराक लागे, बदाम घोटून थंडाई लागे. पण ती तो घरच्या पाट्यावर वाटी आणि वस्तादाला त्यात अडत नसे.

मुलीच्या दृष्टीनेही जागा पाहिली पाहिजे. ‘लेडीज टायमिंग’ म्हणून इतरांना नको असलेली भर दुपारची वेळ तिच्या वाट्याला टाकलेली आहे का? शिकवायला कोणी बाई आहे का? येण्याजाण्याचा जिना उजेडाचा आहे का? मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्यक्रीडेचा दर्जा दिला. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि दोरीच्या मल्लखांबावर मुलींनी पाहणाऱ्यांचे श्वास रोखून धरले. लक्ष्मी गेटावरच्या मुलीने दोरी धरली किंवा बार धरला, दोन्ही चांगलेच. ती कोपऱ्यात उभी राहून आपली पाळी येण्याची वाट पाहत राहणार असेल तर मात्र ती जागा तिच्यासाठी नव्हे, आणि म्हणून तिच्या बापासाठीही नव्हे.

शेवटी कागद. छापील अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जे असते ते पैसे देण्यापूर्वी उजेडात धरून वाचावे. आजारपणात मुदत थांबवता येते का, बदली झाली तर उरलेली रक्कम परत मिळते का, दार बंद झाले तर काय, हे तोंडी ऐकलेले लेखी करून घ्यावे. पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो, आणि ग्राहकावर एकतर्फी जाचक अटी लादणाऱ्या कराराचीही त्याने दखल घेतली आहे. पण कायदा हातात घेऊन फिरण्यापेक्षा आरंभी एकाच महिन्याचे भरणे शहाणपणाचे. वर्षाच्या शुल्कातली सवलत मोठी दिसते. पहिल्या महिन्यात वीस दिवस जाणे झाले तर ती पुढेही मिळते. झाले नाही, तर अकरा महिन्यांचे पैसे वाचतात.

आईने म्हटलेले लंगोट-पाकिटाचे वाक्य या ठिकाणी पुन्हा तपासून पाहण्याजोगे आहे. पाकीट न्यावेच लागते. काळ तसा आहे, आणि शिकवणाऱ्यानेही पोट भरले पाहिजे. तालमीचा मोबदला गल्ली देत असे, संस्थानिक देत असे, पठ्ठ्याच्या घरून येणारे दूध देत असे. तो आधार गेल्यावर शुल्काची व्यवस्था आली तर तिला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न इतकाच आहे की पैसे घेतल्यावरही त्या जागेत माणूस माणसाला ओळखतो की नाही. हे पाहण्याची सोपी रीत आहे. नाव घालण्यापूर्वी चार दिवस पैसे मोजून का होईना तिथे जाऊन यावे. मग एक दिवस मुद्दाम जाऊ नये. सहाव्या दिवशी दारातून आत पाऊल टाकताना कोणी मान वर करते का ते पाहावे.

बुंदेलीत ‘का’ या अर्थी ‘काय’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द आपला वाटतो आणि अर्थ किंचित सरकलेला असतो. झाशीतल्या एखाद्या शिक्षकाने खांद्यावरचा पंचा सारखा करीत त्या गृहस्थाला विचारले, “काय भैया, काल नईं आए?” तर त्याने फार विचार करीत बसू नये. सगळी यंत्रे नवी नसतील, आरसा एका कोपऱ्यात तडकलेला असेल, भिंतीचा रंग उडालेला असेल. आपण आलो नाही हे जिथे कोणाच्या तरी लक्षात आले, तिथे महिन्याचे पैसे भरावेत, पावती घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर जावे.